रात्रीची गाडी आणि मनाची हुरहूर

*साप्ताहिक स्वाध्याय पाठ*

॥ श्री गुरवे नमः ॥



रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं शांत बसून नाम घ्यायचं, असं आपण मागच्या पाठात ठरवलं होतं. बऱ्याच घरांतून त्याबद्दल निरोप आले. त्यात एक अनुभव वेगवेगळ्या गावांहून, पण जवळजवळ सारख्याच शब्दांत आला. शांत बसलं की लांबून रेल्वेचा आवाज येतो आणि नामात लागलेलं मन भलतीकडेच जातं. कुणाला माहेर आठवतं, कुणाला गेलेले वडील, कुणाला लहानपणीची मे महिन्याची सुट्टी. डोळे भरून येतात, मग झोपही लागत नाही. हा मोह समजायचा का? आणि तो थांबवायचा कसा?

आजचा पाठ याच प्रश्नावर आहे. उत्तर आधी थोडक्यात सांगून ठेवूया. आठवण दाबायची नाही, आणि तिला खतपाणीही घालायचं नाही. तिच्यात घडलेलं किती आणि आपण मागाहून घातलेलं किती, हे निवडायचं. तांदूळ निवडतो तसं. निवडून झाल्यावर हातात जे उरतं, ते बहुतेक वेळा कुणाचं तरी राहिलेलं देणं असतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या मागे लागायचं.

आता हे एकेक करून पाहू.

*१. आवाज रात्रीच का येतो?*

आधी बाहेरचं समजून घेऊ, म्हणजे आतलं समजायला सोपं जाईल. दिवसाही गाड्या त्याच रुळांवरून जातात, पण घरात ऐकू येत नाहीत. एक कारण सगळ्यांना माहीत आहे. रात्री रस्त्यावरची वर्दळ, मिक्सर, टीव्ही, हॉर्न थांबलेले असतात.

दुसरं कारण हवेत आहे. गरम हवेत आवाज जरा वेगाने जातो, थंड हवेत जरा हळू. दिवसा जमीन तापते, जमिनीलगतची हवा गरम आणि वरची थंड असते. अशा हवेत आवाज वरच्या बाजूला वळतो आणि आपल्या डोक्यावरून निघून जातो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, की रात्री उलटं होतं. जमीन लवकर निवते, खालची हवा थंड होते आणि वरची त्यामानाने उबदार राहते. मग वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि लांबच्या घरांपर्यंत पोचतो. ग्वाल्हेर-इंदूरकडे थंडीच्या दिवसांत शिट्टी जास्त स्पष्ट येते, असं जुनी माणसं म्हणतात, ते उगीच नाही.

आता एक छोटं गणित मुलांना घालून बघा. आवाज एका सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रूळ आपल्या घरापासून ३ किलोमीटरवर असले, तर शिट्टी आपल्या कानी यायला जवळजवळ ९ सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात सुमारे १५० मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे "ती बघ गाडी" असं आपण म्हणतो, तेव्हा गाडी त्या जागी नसतेच. आपण ऐकतो तो आवाज खरा असतो, पण होऊन गेलेला असतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट. पूर्वी रुळांचे तुकडे जोडपट्ट्यांनी जोडलेले असत आणि उन्हाळ्यात लोखंड फुगतं म्हणून मध्ये फट ठेवलेली असे. प्रत्येक फटीवरून चाक गेलं की खडक-खडक वाजायचं. आता बहुतेक ठिकाणी लांबच लांब रूळ वेल्डिंग करून टाकतात, त्यामुळे तो ठेका पुष्कळ कमी झाला आहे. वाफेची इंजिनं तर विसावं शतक संपता संपता नेहमीच्या गाड्यांवरून गेली. तेव्हा साठीच्या पुढच्या माणसाला रात्री जी झुक-झुक आणि खडक-खडक आठवते, ती बाहेर वाजत नसते. बाहेर फक्त एक हॉर्न वाजतो. बाकीची गाडी मन लावतं.

*२. आपल्या गावांच्या गाड्या*

आपला परिवार ज्या गावांत पसरला आहे, तिथल्या मराठी घरांना या आवाजाचं इतकं का वाटावं? आपले पूर्वज बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरला आले ते शिंदे-होळकर-गायकवाडांच्या काळात, घोड्यांवरून आणि बैलगाड्यांतून. रेल्वे नंतर आली. पण आली ती सोयरिकी, बारशी, मुंजी आणि आजारपणं यांचा धागा होऊन आली. एक घर इथे, दुसरं देशावर किंवा कोकणात, आणि मध्ये रात्रभराचा प्रवास.

बडोद्याकडे डभोई-मियागाम ही अरुंद रुळांची गाडी गायकवाड सरकारने १८६२ मध्ये सुरू केली. सुरुवातीला ती बैल ओढत असत. इंदूरला रेल्वे यावी म्हणून तुकोजीराव होळकर (द्वितीय) यांनी १ कोटी रुपयांचं कर्ज दिलं आणि खंडवा-इंदूर मीटरगेज मार्ग झाला. पाताळपाणी-कालाकुंडचा घाट आठवत नाही असा जुना इंदूरकर सापडणं कठीण. ग्वाल्हेरची 'छोटी लाईन' अवघी २ फूट रुंद, पण श्योपुरपर्यंत सुमारे २०० किलोमीटर जायची. तिथल्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी आजही पाहुणे बघतात.

गोव्यात मुरगावहून दूधसागराजवळून कॅसलरॉकपर्यंत चढणारी मीटरगेज होती. १९५५ मध्ये सीमेवरून होणारी वाहतूक थांबली आणि १९६१ च्या मुक्तीनंतर ती पुन्हा जुळली. मधली वर्षं कित्येक घरांत गाडी 'न येण्याची' वर्षं होती. बेळगावकडचे लोक मिरज-लोंढा मार्गावर वाढले. हैदराबादच्या मराठी घरांची गाडी काचीगुड्याहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला पोचायची.

आता एक गोष्ट पाहा. यातल्या पुष्कळ प्रवासांत गाडी बदलायला लागायची, कारण रुळांची रुंदी बदलायची. इंदूरकरांना मुंबई-नाशिककडे जायचं तर खंडव्याला बदलायचं. हैदराबादच्यांना मनमाडला. पुणे-मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला, त्यानंतर बेळगावकरांना मिरजेला. आपल्या घरांतल्या आठवणी नीट ऐकल्या तर त्या निघण्याच्या किंवा पोचण्याच्या कमी असतात आणि त्या मधल्या फलाटावरच्या जास्त असतात. होल्डॉलवर झोपलेली भावंडं, फिरकीचा तांब्या, दशम्या आणि लसणाची चटणी, सामानाची राखण करणारे वडील. एक गाडी सुटलेली आहे, दुसरी यायची आहे. रात्री अंथरुणावर आवाज ऐकून मनाची जी अवस्था होते, ती थेट याच फलाटावरची असते. इथेही नाही, तिथेही नाही. या अवस्थेला आपल्याकडे हुरहूर हा चांगला शब्द आहे.

युरोपात याच अवस्थेला आधी आजार मानलं होतं. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घरापासून दूर राहून झुरणाऱ्या माणसांचा अभ्यास केला आणि त्या दुखण्याला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव घडवलं. आज कुणी डॉक्टर तिला आजार म्हणत नाही. पण आपल्या सत्संगात अजून कधीकधी तिला पाप म्हटलं जातं, "आसक्ती सोडा" म्हणून गप्प केलं जातं. तेही बरोबर नाही. का, ते आता पाहू.

*३. स्मृती कुठली आणि भर कुठली?*

पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या आहेत. खरं ज्ञान ही पहिली, चुकीचं ज्ञान ही दुसरी. तिसरा विकल्प, म्हणजे प्रत्यक्षात आधार नसलेली, नुसत्या शब्दांवर उभी राहिलेली कल्पना. चौथी झोप आणि पाचवी स्मृती. या वृत्ती क्लेश देणाऱ्या असू शकतात, तशा न देणाऱ्याही असू शकतात, हेही तिथेच सांगितलं आहे. म्हणजे स्मृती आपोआप वाईट ठरत नाही. अनुभवलेली गोष्ट चित्तातून न सुटणं, एवढंच तिचं काम.

गीतेतही तसंच आहे. दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून माणूस कसा घसरत जातो, ते पायरी-पायरीने सांगितलं आहे. त्यात बुद्धी नष्ट होण्याच्या आधीची पायरी आहे स्मृती बिघडण्याची. आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन सांगतो, की मोह गेला आणि स्मृती परत मिळाली. स्मृती शत्रू असती, तर ती परत मिळाल्याचा आनंद त्याला कशाला झाला असता?

मग क्लेश कुठून येतो? स्मृतीत विकल्प मिसळला की येतो. एक उदाहरण घेऊ.

"खंडव्याच्या फलाटावर थंडी होती आणि आईने आपली शाल काढून मला पांघरली." ही स्मृती.

"तेव्हा सगळे किती सुखात होते! माणसं किती प्रेमळ होती! आता तसं काहीच राहिलं नाही." हा विकल्प.

त्याच रात्री डास होते, धाकटा भाऊ तापाने फणफणला होता आणि वडील खिशातले पैसे पुन्हा-पुन्हा मोजत होते, हे कदाचित आईला आठवत असेल. आपल्याला शालच आठवते. शाल खरीच होती. पण तिच्या आधाराने आपण एक अख्खं सुवर्णयुग उभं करतो आणि आजच्या घराशी त्याची तुलना करतो.

यात कुणाचं तरी नुकसान होतं, हे लक्षात घ्या. "आता काही राहिलं नाही" हे वाक्य घरात रोज कोण ऐकतं? रात्री आपल्या पायांना तेल चोळणारी सून ऐकते. औषधाच्या वेळा लक्षात ठेवणारा मुलगा ऐकतो. आज त्यांनी पांघरलेली शाल आपल्याला दिसत नाही, कारण आपण खंडव्याच्या फलाटावर बसलेलो असतो. तीस वर्षांनी हीच नातवंडं आजच्या रात्री आठवतील, तेव्हा त्यात आपण हजर असू की गैरहजर?

संतांनाही ही ओढ माहीत होती. त्यांनी तिला तोडलं नाही, वळवलं. नाथांनी पंढरीला माहेर म्हटलं. माहेरची ओढ काय असते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ही उपमा कळते. ज्याला कशाचीच हुरहूर वाटत नाही, त्याला देवाची तरी कशी वाटणार?

*४. एका घरातली हकिगत*

ग्वाल्हेरला लष्कर भागात राहणाऱ्या आपल्या एका गुरुभगिनींची ही गोष्ट. त्यांच्या सांगण्यावरून देत आहोत, नाव देत नाही. वय ऐंशीच्या पुढे. रात्री आवाज आला की त्या उठून बसायच्या आणि म्हणायच्या, "अगं, छोटी लाईन आली बघ."

सून समजावायची, "अहो आई, छोटी लाईन २०२० सालीच बंद झाली. तिकडे आता ब्रॉडगेजचं काम चाललंय. ही दिल्ली-झाशीकडची मालगाडी आहे. झोपा बरं."

सुनेचं म्हणणं बरोबर होतं. पण सासूबाई रुसायच्या आणि सकाळपर्यंत जाग्या राहायच्या. घरात यावरून कुरबुर व्हायला लागली. एक दिवस नातवाने वेगळंच विचारलं. "आजी, त्या गाडीतून कोण यायचं गं?"

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दादा यायचा."

त्यांचे मोठे बंधू सबलगडला शिक्षक होते. दर शनिवारी अंधार पडल्यावर छोट्या लाईनने घरी यायचे, थंडीत गजकेची पुडी आणायचे. पुढे वडिलांच्या वाड्याची वाटणी झाली, शब्दाने शब्द वाढला आणि बहीण-भावाचं बोलणं बंद झालं. दादा गेले तेव्हा या तेराव्यालाही गेल्या नाहीत. वहिनी सबलगडलाच मुलाकडे असतात. मधे नऊ वर्षं गेली होती. हे सगळं घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. गाडी कुठली, यावरच वाद चालला होता.

नातवाने दुसऱ्या दिवशी नंबर शोधला आणि फोन लावून आजीच्या हातात दिला. आजी नुसत्या "वहिनी" म्हणाल्या आणि थांबल्या. पलीकडून वहिनींनी विचारलं, "वन्सं, जेवलात का?"

एवढंच. पुढे दोघी रडल्या असतील नसतील, ते आपण विचारायचं नाही. वाड्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आजींना रात्री अजूनही जाग येते. पण आता त्या सुनेशी वाद घालत नाहीत. दर शनिवारी सबलगडला फोन जातो आणि त्या संक्रांतीला नातू त्यांना गाडी करून वहिनींकडे घेऊनही गेला.

या घरात "आई, ती गाडी बंद झाली" हे खरं होतं, पण पुरेसं नव्हतं. मघाचं गणित आठवा. शिट्टी कानावर येते तेव्हा गाडी पुढे गेलेली असते. दादा तर पुढे गेलेच होते. पण वहिनी होत्या. आठवणीतली सगळीच माणसं गेलेली नसतात. कुणी ना कुणी अजून फोनच्या पलीकडे असतं.

*५. या आठवड्याची साधना*

सद्गुरूंनी सांगितलेलं नामस्मरण नेहमीप्रमाणे चालू ठेवायचं. त्यात रात्री गाडीचा आवाज आला, तर एवढं करा.

• *ऐका.* आवाज सुरू झाल्यापासून विरेपर्यंत फक्त ऐका आणि सोबत नाम चालू द्या. आवाजाला हाकलू नका. गाडी एक-दोन मिनिटांत आपोआप जाते.

• *निवडा.* आठवण आली तर स्वतःला विचारा, यात मी पाहिलेलं, ऐकलेलं, हाताला लागलेलं काय आहे? ते ठेवा. "तेव्हा सगळं", "आता काहीच", "पूर्वीची माणसं" असे शब्द मनात आले, की ती आपली भर आहे असं समजा. त्यावर रागवायचं नाही, फक्त ओळखायचं.

• *देणं शोधा.* उरलेल्या आठवणीत एक माणूस असतो. त्याचं माझ्याकडे काय राहिलं आहे? क्षमा, आभार, भेट, उसने पैसे, की नुसती चौकशी? माणूस हयात असेल तर सकाळी दहाच्या आत फोन करा. दहाच्या आत यासाठी, की दिवस चढला की मन कारणं शोधतं. माणूस हयात नसेल तर त्याच्या मुलाबाळांची विचारपूस करा, किंवा त्याच्या नावाने एखाद्या भुकेल्याला जेवू घाला.

• *इथे या.* झोपण्याआधी आजच्या दिवसात कुणी आपल्यासाठी काय केलं, अशी एक गोष्ट आठवा आणि शक्य असेल तर त्या माणसाला सांगा. सुनेला, मुलाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही.

तरुण मंडळींना एक विनंती. घरातलं वडीलधारं माणूस रात्री उठून बसलं तर आधी "झोपा" म्हणू नका. दोन मिनिटं शेजारी बसा आणि "कोण आठवलं?" असं विचारा. मात्र रोजच झोप उडत असेल, जेवण कमी झालं असेल, सतत रडू येत असेल किंवा नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर नुसत्या सत्संगावर सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. औषध घेणं हे श्रद्धेच्या आड येत नाही.

*६. घरात बसून बोलण्यासाठी प्रश्न*

१) आपल्या घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने गाडी कुठे बदलली होती? बरोबर कोण होतं?

२) त्या आठवणीतली एक स्मृती आणि एक विकल्प वेगळा करून सांगा. लहान मुलांना हे पटकन जमतं, त्यांची मदत घ्या.

३) ज्याच्याशी बोलणं थांबलं आहे असं आपल्या घराचं एक माणूस कोण? पहिला फोन कोण करणार?

४) आजच्या घरातली कुठली गोष्ट आपल्या नातवंडांनी पुढे आठवावी असं आपल्याला वाटतं? ती आपण रोज करतो का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ग्रुपवर टाकायचं नाही. ते घरातच ठेवा. फोन झाला, तर फक्त "झाला" एवढा एक शब्द लिहून कळवा.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥